पट कोणी मांडायचा

मला राग लवकर येतो, हे आमच्या शाळेत शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत मी पुस्तकी मराठी बोलते. राग आला की जिभेवर वऱ्हाडी येते, आणि मग वर्गातली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसतात की आता बाईंच्या वाटेला जायचं नाही. नांदुऱ्याला गणित शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. रागाचं हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्याचं खापर लोक नशिबावर फोडतात, वहिनी तर साडेसातीवर फोडते, पण ते माझ्या रागानं झालं आणि थोडं दादाच्या गप्प बसण्यानं झालं.

दादा माझा थोरला भाऊ. आम्ही दोघंच. माहेर संग्रामपूरच्या पलीकडे, जिथून सातपुडा घरच्या भिंतीसारखा समोर दिसतो तिथं. बाबा शेतकरी, थोडी कपाशी, थोडी तूर, विहिरीजवळ संत्र्याची झाडं. दुपारी ऊन तापलं की बाबा ओट्यावर बुद्धिबळाचा पट पसरायचे. पट आईनं शिवलेला, जुन्या लुगड्याचे हिरवे आणि पांढरे तुकडे जोडून. मोहरी लाकडाची होती. एक हत्ती हरवला होता, त्याच्या जागी सुपारी ठेवायची. गावात पोरीला बुद्धिबळ शिकवणारा बाप दुसरा नव्हता. लोक म्हणायचे, पोट्टीले काय करा लागते हे. बाबा म्हणायचे, तिले माह्यापेक्षा जास्त दिसते.

बाबांचे नियम जुने, देशी. राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. आणि सगळ्यात मोठा नियम बुर्जीचा. समोरच्याचा नुसता राजा उरला, बाकी सगळी मोहरी मेली, की डाव बुर्जी. म्हणजे कोणीच जिंकलं नाही. तुमच्याकडे वजीर असो, दोन हत्ती असोत, काही उपयोग नाही. मात करायची तर समोरच्याचं निदान एक मोहरं जिवंत ठेवून करायची. "नागड्या राजाले मारण्यात कोणतं शौर्य आहे बे?" बाबा विचारायचे. त्यामुळे आमच्या घरी शेवटी शेवटी खेळ उलटा व्हायचा. जिंकणारा समोरच्याचं शेवटचं प्यादं जपायचा आणि हरणारा ते कुठं तरी खपवायला बघायचा.

दादा या शेवटच्या खेळात पक्का होता. प्याद्याला बांधून ठेवायचं त्याला बरोबर जमायचं. मी हुशार, पण घाई करायची, रागाच्या भरात शेवटचं मोहरं मारून बसायची आणि जिंकलेला डाव बुर्जी करून टाकायची. मग भांडणं. बुर्जी झाल्यावर पुढचा पट कोणी मांडायचा याचाही बाबांचा एक नियम होता, त्यावरूनही आम्ही भांडायचो. तो नियम पुढे मी साफ विसरले. कसा विसरले ते माझं मलाच समजत नाही.

बाबा गेले. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि महिन्याभरानं मी गेले तेव्हा दादानं चहाच्या कपाशेजारी कागद ठेवला. हक्कसोड. बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीनं भावाच्या नावे सोडून दिला, असा तो कागद असतो. आमच्याकडे बाप गेला की हा कागद येतोच आणि बहिणी चहा पिता पिता सही करतात. माझ्या दोन्ही चुलत बहिणींनी अशीच केली. सही केली नाही तर बहीण लोभी, केली तर गुणाची. यात तिसरं काही नसतं.

कागदावर माझं नाव टाइप केलेलं होतं. तारीखही टाकलेली होती.

"सही कर," दादा म्हणाला.

"विचारलं काऊन नाही?"

"याच्यात काय विचारा लागते? साऱ्याच करतात."

"मंग त्यायच्याजवळून घे."

मला वावर नको होतं. आमचे दोघांचे पगार आहेत, नांदुऱ्यात घर आहे, वावरात मी काय पेरणार होते? पण तलाठ्याकडून उतारा आणला होता तेव्हा बाबांच्या खाली दादाचं नाव आणि दादाच्या खाली माझं नाव लागलेलं मी पाहिलं होतं. गावात माझं नाव लिहिलेलं ते तेवढंच एक ठिकाण. शाळेच्या दाखल्यावर होतं, पण ती शाळाही आता पाडली. ते नाव मी त्या कागदावर दहादा वाचलं होतं. दादानं विचारलं असतं, "बाई, काय करू, ठेवू का काढू?" तर मी कदाचित स्वतःच काढ म्हटलं असतं. त्यानं विचारलं नाही. तारीख टाकून ठेवली.

वहिनी दारात उभी होती. तिच्या हातात माझ्यासाठी काढलेली साडी होती. दादा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "वावर पायजे तं वावर घे. भाऊ नाही भेटणार."

मी तशीच उठले. साडी घेतली नाही. रस्त्याला लागले तेव्हा मागून कोणी हाक मारेल असं वाटलं होतं. पूर्णेचा पूल येईपर्यंत एसटीत मी रडले, त्यानंतर रुमालानं तोंड पुसलं आणि शेजारच्या बाईला सांगितलं की धूळ गेली.

मला दोन्ही पाहिजे होतं. नाव पण आणि भाऊ पण. सगळे म्हणत की दोन्ही मिळत नसतं, एक धर. आमचे हे म्हणाले, "आपलेच दात आपलेच ओठ, कशाला ताणतेस." मला समजत नव्हतं की काऊन नाही मिळत. भावाला दोन्ही मिळतं की.

तीन वर्षं आमचा अबोला. राखी पोस्टानं पाठवायची, पोच नाही. भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट करून शेजारच्या काकांना ओवाळलं एकदा. पुन्हा नाही केलं, फार केविलवाणं वाटलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या साऱ्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. आमच्या शाळेत त्या दिवसांत सुट्टी असते. मी घरी पेपर तपासत बसायची.

मग एका हिवाळ्यात वहिनीचा फोन आला. तिचा फोन चोरून, गोठ्यातून यायचा. म्हणाली, "ताई, तुमचे दादा दिवसभर मोबाइलमध्ये बुद्धिबळ खेळून राह्यले. मशीनसंग. मशीन त्यायले हरवते अन् ते जेवत नाहीत. तुमीच खेळा ना त्यायच्यासंग."

"त्यानं सांगितलं काय?"

"ते काय सांगतात? मी पाठवतो तुमाले, तुमी फक्त हो म्हणा."

तिनं खरंच दादाच्या मोबाइलवरून डावाचं बोलावणं पाठवलं. मी हो म्हटलं. अर्धा दिवस काही नाही. संध्याकाळी, चहा टाकला होता तेव्हा, फोन वाजला आणि पडद्यावर दादाचं राजापुढचं प्यादं एक घर पुढे आलं होतं. दोन घरं नाही, एकच. बाबांच्या नियमानं. मी गॅस बंद करायची विसरले, चहा उतू गेला.

त्या अॅपमध्ये एका चालीला तीन दिवस मिळत. आम्हाला तेवढे लागले नाहीत. तो सकाळी खेळायचा, वावरात जायच्या आधी. मी शाळेतून आल्यावर. खाली बोलायला जागा होती, तिथं दोघांनीही कधी एक अक्षर लिहिलं नाही. पण मला सगळं कळायचं. चाल पहाटे पाचला आली की समजावं, ओलिताची वीज रात्रीची आहे, माणूस जागाच आहे. दुपारी आली की पाऊस आला असेल किंवा अंगात ताप असेल. एकदा दोन दिवस चाल आली नाही तर मी शाळेतून दोनदा फोन काढून बघितला, आणि वर्गात फोन आणू नका म्हणून पोरांवर ओरडणारी बाई ती मीच. तिसऱ्या दिवशी घोडा हलला. वहिनीनं नंतर सांगितलं की दाढ काढली होती.

त्या चालींवर मी जगत होते असं म्हणणं जास्त होईल. पण सकाळी उठून पहिलं तेच बघायची हे खरं आहे. मनात एक हिशेब बसत गेला होता की डाव चालू आहे तोवर भाऊ आहे. आणि या वर्षी आखाजीला तो बोलावणार. सही न करता बोलावणार.

डाव लांबला. मोहरी मरत गेली. माघ सरता सरता त्याच्याकडे राजा आणि दोन घोडे उरले, माझ्याकडे राजा आणि एक प्यादं.

इथं बुद्धिबळातली एक गोष्ट सांगावी लागेल. दोन घोड्यांनी एकट्या राजावर मात होत नाही. म्हणजे समोरचा चुकला तरच होते, जबरदस्तीनं करता येत नाही. घोडे राजाला कोपऱ्यात नेतात, पण शेवटी राजाला हलायला घरच उरत नाही आणि त्याच्यावर शहही नसतो, तो नुसता कोंडला जातो, आणि डाव बरोबरीत सुटतो. पण त्या राजाजवळ एक प्यादं असलं की उलटं होतं. राजा कोंडला तरी त्याला प्याद्याची चाल करावीच लागते, आणि तेवढ्या एका चालीत दुसरा घोडा येऊन मात करतो. म्हणजे ते प्यादं नसतं तर मी वाचले असते. ते होतं म्हणून मरणार होते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, बाबांच्या ओट्यावर कळलं होतं. "दोन घोडे अन् एक प्यादं, हा डाव तुह्या भावाचा," बाबा म्हणायचे. आणि दादानं अगदी तसंच केलं. एक घोडा माझ्या प्याद्याच्या नाकासमोर आणून बसवला. प्यादं पुढे जाईना, मागं तर जातच नाही. मला ते टाकूनही देता येईना. मग राजा आणि दुसरा घोडा घेऊन तो माझ्या राजाच्या मागं लागला, हळूहळू, रोज एक घर. मी शाळेत मधल्या सुट्टीत कागदावर आकडेमोड करायची. पंधरा-वीस चालींत मी कोपऱ्यात जाणार होते.

मला हरायचं दुःख नव्हतं, खोटं कशाला सांगू, थोडं होतं. पण जास्त भीती ही होती की तो जिंकला की मोबाइल ठेवून देईल. त्याला वाटेल, झालं, हरवलं तिला.

एका सोमवारी सकाळी दात घासता घासता मी फोन बघितला. दादाच्या दुसऱ्या घोड्यानं माझं प्यादं मारलं होतं. पडद्यावर पाटी आली होती की डाव बरोबरीत, मात करण्याइतकी मोहरी कोणाकडेच उरली नाहीत.

तोंडात ब्रश तसाच, मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पहिल्यांदा बरं वाटलं. त्यानं जिंकलेला डाव सोडला. मग दुसरं मन म्हणालं, चुकून मारलं असेल, बोट लागलं असेल. मी नवीन डावाची वाट बघायला लागले. पहिला डाव त्याच्या मोबाइलवरून आला होता, तर दुसराही त्याच्याकडूनच यायला पाहिजे, असं माझं गणित. मंगळवार गेला, बुधवार गेला. आठवडा गेला. नवीन डाव आला नाही.

इथून माझा राग सुरू झाला. आधी तो बारीक होता, दाढेत अडकलेल्या शेंगदाण्यासारखा, जीभ सारखी तिथंच जायची. शेवटचं मोहरं मारायचं नाही असं घरात शिकलेला माणूस, आणि त्यानं माझं शेवटचं मोहरं मारलं. म्हणजे काय समजायचं? म्हणजे संपवलं. हरवायच्याही लायकीची नाही, नुसतं पुसून टाकलं. आमचे हे म्हणाले, "तूच पाठव ना नवीन डाव, एक बटण तर दाबायचं." मी म्हटलं, "मीच काऊन? प्रत्येक वेळी मीच काऊन वाकायचं?" ते पेपर वाचायला लागले. वीस वर्षांत एवढं शिकलेत ते.

दोन महिने गेले. आखाजी आली. आदल्या दिवसापर्यंत मी बॅग काढून ठेवली होती, माळा आवरायला काढली आहे असं दाखवत. कोणी बोलावलं नाही. आखाजीच्या दुपारी शेजारच्या घरी लेक आली, पुरणाचा वास आला, आणि माझं डोकं फिरलं. मी तीन वर्षांत पहिल्यांदा दादाला फोन लावला. त्यानं उचलला, "हां" म्हणाला.

मी म्हटलं, "कागद तयार कर. मी सही करतो. पाह्यजे तेवढ्या सह्या घे. तुह्यं वावर तुले लखलाभ."

पलीकडे बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "बरं."

बरं. एवढंच. त्या एका शब्दानं मी आणखी पेटले. अरे, एकदा तरी नको म्हण. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, आता माघार घेणं माझ्या रक्तात नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसली जात आमची, दोघांचीही.

संग्रामपूरच्या कचेरीत गेलो तेव्हा मे महिन्याचं ऊन होतं. दादा आणि वहिनी आधीच येऊन बसले होते. तीन वर्षांत त्याचे केस बरेच पिकले होते आणि दुपट्टा बाबांसारखा डोक्याला गुंडाळायला लागला होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. नाव पुकारलं. समोरच्या माणसानं रीतीप्रमाणे विचारलं, "ताई, राजीखुशीनं सोडता ना? कोणाचा दबाव नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. खरंच नव्हता. माझ्याशिवाय कोणाचाच नव्हता.

कॅमेऱ्याकडे बघा म्हणाले, बघितलं. अंगठा ठेवा म्हणाले, ठेवला. पहिल्यांदा उमटला नाही, खडूनं बोटं घासलेली असतात आमची; पुसून पुन्हा ठेवला. साक्षीदारांनी सह्या केल्या. दादानं सही केली तेव्हा त्याचा हात हळू चालत होता, अक्षर अक्षर लावून. सगळं मिळून अर्धा तासही लागला नाही.

बाहेर रसवंती होती. वहिनी झेरॉक्स काढायला गेली. आम्ही दोघं एका बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून. घुंगरं वाजवत चरक फिरत होता. दादानं दोन ग्लास सांगितले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पट काऊन नाही मांडला तू?"

"कोणता पट?"

"मोबाइलवरचा. आज मांडसीन, उद्या मांडसीन, रोज सकाळी पाहू पाहू थकलो मी."

"मी काऊन मांडू? तू मारलं ना माहं प्यादं?"

आता त्यानं माझ्याकडे बघितलं. "मारलं. नसतं मारलं तं तू मरत होती, वं. दोन घोड्यानं एकट्या राजाले मारता येत नाही, हे मले मालूम नाही काय? म्हणूनच मारलं. बुर्जी केली. ना तुह्यं, ना माह्यं." मग म्हणाला, "अन् बुर्जी ज्याच्यावर झाली त्यानं पट मांडायचा. बाबा काय म्हणत?"

तेव्हा मला आठवलं. चिमण्या उडाव्या तसं एकदम सगळं आठवलं, ओटा, सुपारीचा हत्ती, बाबांचा आवाज. ज्याचं शेवटचं मोहरं मेलं, पुढचा पट त्यानं मांडायचा आणि पहिली चालही त्याचीच. ज्यानं मारलं त्यानं हात बांधून बसायचं, बोलवायचंसुद्धा नाही. नाही तर भीक घातल्यासारखं होते, बाबा म्हणायचे. ज्याच्याजवळ काही राह्यलं नाही त्यालेच बोलवू द्या.

तीन महिने तो हात बांधून बसला होता.

"आखाजीले काऊन नाही बोलावलं?" मी विचारलं.

"तू पट मांडला असता त्या दिवशी आलो असतो घ्यायले. स्वतः येणार होतो, गाडी करून. मले वाटलं, तुले पटच नको आता." त्यानं ग्लास खाली ठेवला. "मंग तुहा फोन आला. मले वाटलं, हिले काहीच नको. ना वावर, ना मी. म्हणून बरं म्हटलं."

"नको म्हणायचं होतं."

"तूही एक बटण दाबायचं होतं."

वहिनी झेरॉक्सची चळत घेऊन ऊन चुकवत येताना दिसली. दादा खालच्या आवाजात म्हणाला, "परत करता येते काय ते? त्या सायबाले पुसून पाहू?" आणि मी म्हटलं, "राहू दे." का म्हटलं मी राहू दे? आजही भांडी घासताना, पेपर तपासताना मध्येच मला तो प्रश्न पडतो आणि मी स्वतःवर इतकी चिडते की हातातलं काम टाकून द्यावं लागतं. मानानं म्हटलं, दुसरं काही नाही. बैल गेला आणि झोपा केला. तोही पुरता केला नाही.

परतीच्या एसटीत, पूर्णेच्या पुलावर, मी मोबाइल काढला आणि नवीन डाव मांडला. पांढरी मोहरी माझी. पहिली चाल केली, एकच घर. स्टँडवर उतरायच्या आधी त्याचं उत्तर आलं.

तेव्हापासून सगळं चांगलं चाललं आहे, असं लोक म्हणतात. मला बोलावतात. मी जाते. राखीला दोन साड्या झाल्या, निघताना वहिनी संत्र्यांची पिशवी भरून देते. गावातल्या बाया मला गुणाची म्हणतात, माझ्यासमोर आपल्या सुनांना सांगतात की पाहा, अशी नणंद असा लागते. नवीन उतारा एकदा ओट्यावर पडलेला दिसला. बाबांच्या खाली दादाचं नाव होतं आणि त्याच्या खाली पुढचं काहीतरी छापलेलं होतं. मी तो उलटा करून ठेवला.

आणि दादा आता हरतो.

पहिल्या डावात मला संशय आला नाही. दुसऱ्यात त्यानं वजीर माझ्या घोड्याच्या तोंडात आणून दिला. तिसऱ्यात दोन्ही हत्ती. ज्या माणसानं लहानपणी मला रडू आलं तरी कधी एक डाव सोडला नाही, तो आता मला वाढून दिल्यासारखी मोहरी देतो. मी खाली पहिल्यांदा शब्द लिहिला, "खरं खेळ." त्याचं उत्तर आलं, "खरंच खेळतो वं." चौथ्या डावात पुन्हा वजीर. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "तुमी जिंकल्या की ते दिवसभर बरे राहतात, ताई. जिंकत जा."

मला हा नको आहे. मला तो पाहिजे जो माझ्या प्याद्यापुढे घोडा ठाण मांडून बसवत होता. तो माझ्याशी भांडत होता, म्हणजे मला मोजत होता. हा तर पाहुणचार करतो. ज्या दिवशी मी सही केली त्या दिवशी मला माहेर परत मिळालं आणि भाऊ तिथंच बाकावर राहिला, असं मला वाटतं, आणि हे कोणाला सांगितलं तर म्हणतील, बाईचं काही खरं नाही, मिळालं तरी रडते.

या वेळचा पाचवा डाव. माझ्याकडे राजा आणि हत्ती उरला, त्याच्याकडे राजा आणि एक प्यादं. मी विचार करून, दोन दिवस घेऊन, ते प्यादं मारलं. बाबांच्या नियमानं बुर्जी. आता पट त्यानं मांडायचा, पहिली चाल त्याची, आणि मी हात बांधून बसणार. पण मोबाइलला बुर्जी कळत नाही. त्याच्या लेखी हत्ती आहे म्हणजे मात होऊ शकते, डाव चालू. म्हणून मी बरोबरीचं बटण दाबलं. त्यानं नाही म्हटलं. पुन्हा दाबलं, पुन्हा नाही. राजा घेऊन तो स्वतःच चालत चालत कोपऱ्यात जाऊन बसला आहे, बाहेर आला तरी पुन्हा तिथंच जातो. मार म्हणतो.

मी मारत नाही. हत्ती एक घर इकडे, एक घर तिकडे. तीच मांडणी तीनदा आली तरी बरोबरी होते, म्हणून तो राजा दर वेळी वेगळ्या घरांतून फिरवून कोपऱ्यात आणतो. कोणी काही न मारता दोन्हीकडून पन्नास-पन्नास चाली झाल्या की मोबाइल आपणहून बरोबरी करतो, हे मी बघून ठेवलं आहे. तोवर मला थांबता येतं. त्यानंतर पट कोणी मांडायचा हे त्याला माहीत आहे, तो विसरणाऱ्यातला नाही. मांडला आणि खरा खेळला, तर मी पुन्हा कधी काही मागणार नाही.

आज सकाळी माझी एकविसावी चाल झाली. हत्ती एक घर डावीकडे.